मोजू या, बघू या : दोरीची बेरीज



आज आधी एक पत्र वाचू या. सहावीतल्या एका मित्राने पाठवलंय. अक्षर जरा तिरकं आहे, पण डोकं मात्र सरळ चालतं. तो लिहितो :

‘बाई, नागपंचमीला आम्ही चिंचेच्या झाडाला झोका बांधणार आहोत. दुकानातला जाड दोर महाग आहे, म्हणून मी घरीच दोर करायचा ठरवलाय. घरात सुतळीचं बंडल आहे आणि नायलॉनची बारीक दोरी आहे. मी दोघांचीही परीक्षा घेतली. एकेक दोरी आडव्या वाशाला बांधली, खाली मोठी बादली टांगली आणि तांब्या-तांब्याने पाणी ओतत गेलो. सुतळी १२ किलोला तुटली, नायलॉन १८ किलोला तुटलं. आता तीन सुतळ्या आणि तीन नायलॉन, अशी सहा पदरांची वेणी घालणार. बारा त्रिक छत्तीस, अठरा त्रिक चोपन्न, एकूण नव्वद किलो. माझं वजन ३२ किलो. म्हणजे आम्ही दोघं बसलो तरी दोर तुटणार नाही ना?’

शाब्बास! शाबासकी कशासाठी, ते आधी सांगते. याने ‘दोर चांगला जाड दिसतोय, चालेल’ असं म्हटलं नाही. याने मोजलं. मोजून मग विचारलं. दोर तुटायच्या आधी विचारलं, हे तर फारच छान.

आता हिशेब तपासू या. गुणाकार बरोबर, बेरीजही बरोबर. वहीत असता तर मी बरोबरची खूण केली असती. पण खरा दोर नव्वद किलो पेलणार नाही. नव्वदच्या जवळपाससुद्धा जाणार नाही. गंमत म्हणजे, याने नायलॉन अजिबात न घालता नुसत्या सहा सुतळ्यांची वेणी घातली असती, तर ती या मिश्र दोरापेक्षा मजबूत झाली असती!

काय, पटत नाही? सुतळीपेक्षा नायलॉन मजबूत. मग मजबूत वस्तू मिसळली तर दोर कच्चा कसा होईल? चला, पाहू या.

आळशी कोण, कामसू कोण?

घरातलं एक रबर घ्या. ते कापून त्याची पट्टी करा. तेवढ्याच लांबीचा शिवणकामाचा दोरा घ्या. दोघांची टोकं एकत्र बांधा आणि दोन्ही बाजूंनी हळूच ओढा. काय दिसतं? दोरा टणक ताठ झालाय आणि रबर आपलं मजेत बसलंय! तुम्ही लावलेला जवळजवळ सगळा जोर दोरा एकटाच सोसतोय. जोर वाढवा. दोरा तुटेल. तो तुटल्यावर मग रबर जागं होईल आणि लांबायला लागेल.

रस्सीखेचीचं उदाहरण घ्या ना. एका बाजूला सहा गडी आहेत. तिघांनी दोर ताठ धरलाय, बाकीच्या तिघांच्या हातात दोर ढिला आहे. शिट्टी वाजली की ओढ कोणावर येईल? पहिल्या तिघांवर. ते घसरून पडल्यावर मागच्यांचा दोर ताठ होणार आणि मग सगळा भार त्या तिघांवर. सहा गडी मैदानात होते हे खरं, पण सहांनी मिळून एकदाही ओढलं नाही.

आपल्या मित्राच्या वेणीत असंच होणार आहे. सुतळी तागाची असते. ताग फारसा लांबत नाही. नायलॉन चांगलं लांबतं. दोघं एकाच वेणीत बांधलेले असल्यामुळे दोघांनाही सारखंच लांबावं लागतं. सुतळीची लांबायची हद्द संपते तेव्हा नायलॉनने कुठे आळस द्यायला सुरुवात केलेली असते.

म्हणून दोरीच्या परीक्षेत दोन प्रश्न असतात. ‘किती किलोला तुटली?’ हा पहिला. ‘तुटायच्या आधी किती लांबली?’ हा दुसरा. आपल्या मित्राने पहिला प्रश्न सोडवला, दुसरा त्याच्या कागदावर नव्हताच.

निरनिराळे धागे तुटायच्या आधी साधारण किती लांबतात, ते पाहा. प्रत्येक धागा १०० सें.मी. आहे असं समजा :

ताग, अंबाडी, घायपात : दोन-तीन सें.मी.
कापूस : सहा-सात सें.मी.
काथ्या (नारळाच्या सोडणाचा) : पंधरा सें.मी.हून जास्त
नायलॉन : पंधरा ते तीस सें.मी.
माणसाचा केस : तीस सें.मी.च्याही वर!

केसाचं नाव वाचून हसलात ना? हसा. थोड्या वेळाने या केसाकडे परत यायचं आहे.

आता खरा हिशेब

समजा, मित्राची सुतळी १०० सें.मी.ला ३ सें.मी. लांबून तुटते आणि नायलॉन १५ सें.मी. लांबून तुटतं. हिशेब सोपा व्हावा म्हणून असंही धरू, की धागा जितका लांबतो त्याच प्रमाणात त्याच्यावरचा भार वाढतो.

दोर ३ सें.मी. लांबला, तो क्षण डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक सुतळीवर तिचा पूर्ण भार आलाय, १२ किलो. तीन सुतळ्यांचे झाले ३६ किलो. नायलॉनचं काय? त्याची मजल १५ सें.मी.ची, त्यातले फक्त ३ झालेत. म्हणजे पाचवा हिस्सा. १८ किलोचा पाचवा हिस्सा ३.६ किलो. तीन नायलॉनचे मिळून १०.८ किलो. एकूण भार ४६.८ किलो.

यापुढे भार जरा वाढला की तिन्ही सुतळ्या कडाकड तुटणार. मग राहिलं तीन नायलॉन. ते एकटे ५४ किलो पेलू शकतात. म्हणजे दोर ५४ किलोपर्यंत टिकेल आणि मग तुटेल.

नीट पाहा बरं. ५४ किलो म्हणजे नुसत्या तीन नायलॉनची ताकद! तीन सुतळ्या वेणीत होत्या काय आणि नव्हत्या काय, सारखंच. ‘बारा त्रिक छत्तीस’ गेले वाऱ्यावर.

यातून अंदाज बांधायची एक सोपी रीत मिळते. मिश्र दोरासाठी दोन आकडे काढायचे.

पहिला आकडा : कमी लांबणारा धागा तुटायच्या क्षणी सगळे धागे मिळून किती भार पेलत आहेत?
दुसरा आकडा : तो तुटल्यावर उरलेले धागे एकटे किती पेलतील?

या दोहोंतला जो मोठा, तो दोराचा अंदाज. दोघांची बेरीज करायची नाही.

आता हीच रीत वापरून सहा पदरांचे सगळे प्रकार करून पाहू. मी आकडे देते, तुम्ही वहीत ताडून पाहा :

६ सुतळ्या : साधी बेरीज ७२, खरा अंदाज ७२
५ सुतळ्या, १ नायलॉन : बेरीज ७८, अंदाज ६३.६
४ सुतळ्या, २ नायलॉन : बेरीज ८४, अंदाज ५५.२
३ सुतळ्या, ३ नायलॉन : बेरीज ९०, अंदाज ५४
२ सुतळ्या, ४ नायलॉन : बेरीज ९६, अंदाज ७२
१ सुतळी, ५ नायलॉन : बेरीज १०२, अंदाज ९०
६ नायलॉन : बेरीज १०८, अंदाज १०८

सातवी-आठवीतल्या मुलांनी याचा आलेख काढावा. साध्या बेरजेची रेषा हळूहळू वर चढत जाते. खऱ्या अंदाजाची रेषा आधी दरीत उतरते आणि मग डोंगर चढते. आणि दरीच्या अगदी तळाशी कोण बसलंय? आपल्या मित्राचा ‘तीन-तीन’चा दोर! सातही प्रकारांत सर्वांत कच्चा तोच.

कुणी म्हणेल, ‘बाई, वेणीत धागे एकमेकांना घट्ट धरून असतात. तुटलेली सुतळीसुद्धा थोडी मदत करेल की!’ बरोबर आहे. खऱ्या वेणीत तुटलेला धागा पुढे थोड्या अंतरावर शेजाऱ्यांच्या मिठीत सापडतो आणि काही भार उचलतो. पण उलट बाजूही आहे. सुतळ्या तुटतात तेव्हा दोराला एकदम झटका बसतो आणि तो झटका नायलॉनला सोसावा लागतो. अंदाज बांधताना आपल्या फायद्याचं असेल ते सोडून द्यायचं आणि तोट्याचं असेल ते धरायचं. अंदाज असा कंजूष असावा!

पीळ किती असावा?

‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही म्हण तुम्हाला ठाऊक आहे. पण पिळाचं काम काय? वाखाचा एकेक तंतू लांबीला थोडासाच असतो. नुसते तंतू शेजारी ठेवून ओढले, तर ते एकमेकांवरून सरकून सुटे होतील. पीळ दिला की ते एकमेकांना दाबून धरतात, आणि हातभर तंतूंचा शंभर हात दोर होतो. आपल्याकडे अंबाडीच्या आणि घायपाताच्या वाखाची दावी, कासरे, चऱ्हाटं अशीच वळतात.

मग पीळ जितका जास्त तितका दोर पक्का? तसं नाही. जास्त पीळ दिला की धागे तिरपे होतात, आणि तिरप्या धाग्याची सगळी ताकद सरळ ओढीच्या कामी येत नाही. शिवाय वजन टांगायच्या आधीच पिळाने त्यांना ताणून ठेवलेलं असतं. फ्रान्समध्ये द्युहामेल द्यु माँसो नावाचे एक शास्त्रज्ञ होते. त्या काळी जहाजांना मैलोगणती दोर लागत आणि दोर तुटला तर शिडं कोसळत. या गृहस्थांनी निरनिराळ्या पिळांचे दोर करवून घेतले, ते तोडून पाहिले आणि १७४७ साली दोर वळण्याच्या कलेवर मोठं पुस्तक छापलं. त्यांना आढळलं की घट्ट पिळाच्या दोरापेक्षा बेताच्या पिळाचा दोर जास्त भार घेतो. म्हणजे पीळ हवा, पण बेताचा. (माणसांनाही हे लागू पडतं, असं माझी आई म्हणते.)

वेणीचंही तसंच. वेणीत प्रत्येक पदर नागमोडी फिरतो, दुसऱ्या पदरावर घासतो. म्हणून सहा पदरांच्या वेणीची ताकद सहा सुट्या पदरांपेक्षा थोडी कमीच भरते.

गाठ आणि झोका

आता आपल्या मित्राचा दोर चिंचेला बांधू. बांधायचा म्हणजे गाठ आली. गाठीत दोर एकदम वळतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाचे धागे ताणले जातात, आतल्या अंगाचे ढिले पडतात. म्हणजे पुन्हा तेच, काही कामसू आणि काही आळशी. गाठीमुळे दोराची ताकद निम्म्यापर्यंत खाली येऊ शकते. आपण कंजूष अंदाज करणार, म्हणून निम्मीच धरू. ५४ चे राहिले २७ किलो.

झोक्याला दोन पदर असतात, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. मित्राचं वजन ३२ किलो. तो पाटावर शांत बसला तर प्रत्येक पदरावर १६ किलो. १६ हे २७ पेक्षा कमी. दोर तुटणार नाही. मित्र म्हणेल, ‘बघा बाई, बसलो की नाही!’

पण झोक्यावर कोणी शांत बसायला जातं का?

पाण्याने भरलेला लहान डबा दोरीला बांधून गोल फिरवून पाहा. नुसता धरल्यापेक्षा फिरवताना हाताला जास्त ओढ लागते. झोकाही गोलाच्या तुकड्यावरूनच फिरतो. वरून खाली येताना तळाशी त्याचा वेग सर्वांत जास्त असतो. तिथे दोराला दोन कामं करावी लागतात, तुमचं वजन पेलायचं आणि तुम्हाला पुन्हा वर वळवायचं. हिशेब असा आहे : दोराच्या लांबीच्या निम्म्या उंचीपर्यंत पाट वर चढला, तर खाली येताना तळाशी दोरावर वजनाच्या दुप्पट भार येतो. दोर पार आडवा होईपर्यंत झोका चढला, तर तिप्पट!

दुप्पटच धरू. ३२ दुणे ६४. दोन पदरांत वाटून प्रत्येकावर ३२ किलो. आणि आपल्या दोराचा अंदाज २७.

कळलं ना धोका कुठे आहे? हा दोर बसल्याबरोबर तुटणार नाही. धाकट्या भावाला बसवून पाहिलं तर तुटणार नाही. झोका हळूहळू चढेल, आजूबाजूची मुलं ओरडतील, ‘अजून जोरात! अजून जोरात!’ आणि सर्वांत जास्त वेगात असतानाच तो तुटेल.

म्हणून बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. हा दोर झोक्याला बांधू नकोस. तुझी मोजणी पक्की होती, पण हा दोर त्या कामाचा नाही.

मग कसला दोर हवा? ज्याच्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो, तो दोर जेमतेम पुरेसा असून चालत नाही. जास्तीत जास्त जो भार येईल त्याच्या निदान दहापट ताकदीचा दोर घ्यावा. प्रत्येक पदरावर ३२ किलो येणार, तर दोर ३२० किलोला न तुटणारा हवा. ‘एवढा कशाला?’ असं वाटेल. पण दोर उन्हात झिजतो, फांदीवर घासतो, जुना होतो. नायलॉन ओलं झालं की थोडं नरमतं. सुती दोर ओला असताना उलट जरा जास्त भार घेतो, पण तसाच ओला ठेवला तर कुजतो. शिवाय झोक्यावर एकाऐवजी दोघं कधी चढतील, याचा नेम नाही. या सगळ्या ‘पण’साठी ती दहापट असते. घरातल्या मोठ्यांना घेऊन दुकानात जा. एकाच जातीच्या धाग्याचा, चांगला जाड, नवा दोर आणा. पाच-सहा घरांच्या मुलांनी मिळून वर्गणी काढली तर तो महागही पडणार नाही.

आणि तुझी सहा पदरांची वेणी? ती कपडे वाळत घालायला एकदम झकास आहे. आईला देऊन टाक.

केसांचे दोर

मग मिश्र दोर कधी करूच नयेत का? थांबा, आता केसाची गोष्ट सांगते.

जपानमध्ये क्योटो नावाचं जुनं शहर आहे. तिथे हिगाशी होंगान्जी हे मोठं बौद्ध मंदिर आहे. १८६४ साली शहरात आग लागली आणि मंदिर जळालं. १८८० साली ते पुन्हा बांधायला घेतलं आणि १८९५ साली पुरं झालं. त्यातला एक सभामंडप जगातल्या सर्वांत मोठ्या लाकडी इमारतींत गणला जातो. विचार करा, त्याच्या तुळया केवढ्या असतील! त्या ओढून आणायच्या आणि वर चढवायच्या. नेहमीचे दोर हे काम करताना तुटत आणि अपघात होत, असं सांगतात.

तेव्हा गावोगावच्या भाविक बायकांनी आपले लांबसडक केस कापून दिले. त्या केसांत हेम्प नावाच्या झाडाचा वाख मिसळून दोर वळले. हा वाख आपल्या अंबाडीच्या वाखासारखाच असतो. असे ५३ दोर मंदिराला मिळाले. त्यांतला सर्वांत मोठा दोर ११० मीटर लांब होता, त्याचा घेर ४० सें.मी. आणि वजन जवळजवळ एक टन! त्या दोरांपैकी एक आजही मंदिरात वेटोळं करून ठेवलेला आहे. तो ६९ मीटर लांब आहे आणि ३७५ किलो भरतो.

आता तुम्ही हुशार झालात, तेव्हा लगेच विचाराल, ‘बाई, वाख तर शंभरात दोनच सें.मी. लांबतो आणि केस तीसच्या वर. मग केस आळशी नाही का राहणार?’

प्रश्न अगदी योग्य. पण केस नायलॉनसारखा किंवा रबरासारखा वागत नाही. तो पहिल्या दोन-तीन सें.मी.पर्यंत चांगला ताठ राहतो. तेवढ्यातच तो आपल्या तुटायच्या भाराच्या जवळजवळ निम्मा भार उचलतो. त्यानंतर मात्र तो सैल पडतो आणि थोड्याशाच वाढीव भाराने खूप लांबत जातो. म्हणजे वाखाची हद्द संपते त्या वेळी केसाने निम्मं काम केलेलं असतं. आपल्या नायलॉनने पाचवा हिस्साच केला होता, आठवतं ना? आणि वाखाचे काही तंतू तुटलेच, तर केस लगेच तुटत नाही. तो लांबतो. लांबणारा दोर लोकांना दिसतो. ‘अरे, सांभाळा!’ म्हणायला वेळ मिळतो.

त्या बायकांनी आलेख काढले नव्हते. त्यांनी श्रद्धेने केस दिले आणि दोर वळणाऱ्यांनी हाताच्या अनुभवाने ते वाखात मिसळले. पण आपल्या रीतीने तपासलं तर ही जोडी सुतळी-नायलॉनच्या जोडीपेक्षा बरीच समजूतदार ठरते.

म्हणजे धागे मिसळायला हरकत नाही, पण सगळ्यांनी एकाच वेळी भार उचलला पाहिजे. बोटी बांधायच्या दोरांत आज पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलीन हे दोन वेगळे धागे मिसळतात. ते बनवणारे कारखाने दोर यंत्रात घालून तोडून पाहतात आणि मगच त्याची ताकद सांगतात. ताठ धागा मिसळायचाच असेल, तर त्याला थोडी ढील देऊन वळवतात. म्हणजे लांबणारा धागा पुढे जाईपर्यंत ताठ धाग्याची ढील संपते आणि दोघं बरोबरीने ओढायला लागतात.

करून पाहा : केसाची परीक्षा

साहित्य : गळून पडलेला एक लांब केस (कुणाचा उपटू नका!), चिकटपट्टी, पेन्सिल, कागदी पेला, औषधाच्या बाटलीचं ५ मि.लि. मापाचं झाकण, पाणी.

पेन्सिल दोन पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर आडवी ठेवा. केसाचं एक टोक तिच्याभोवती दोन-तीनदा गुंडाळून चिकटपट्टीने चिकटवा. दुसरं टोक पेल्याच्या दोऱ्याच्या कडीला तसंच चिकटवा. गाठ मारू नका. का नाही, ते आता तुम्हाला माहीत आहे. पेल्याखाली परात ठेवा. झाकणाने हळूहळू पाणी घाला. एक झाकण म्हणजे ५ ग्रॅम. केस तुटेल तेव्हा किती झाकणं झाली ते लिहा आणि रिकाम्या पेल्याचं वजन त्यात मिळवा. साधारणपणे ६० ते १०० ग्रॅमच्या दरम्यान उत्तर येतं. केस बारीक असेल तर कमी, जाड असेल तर जास्त. शिवाय शेजारी पट्टी उभी धरून केस किती लांबला, तेही लिहा. दुसरा प्रश्न विसरायचा नाही!

एकदा करून थांबू नका. पाच केस तोडा. पाच वेगवेगळी उत्तरं येतील. अंदाजासाठी सर्वांत मोठं उत्तर घ्यायचं की सर्वांत लहान? ते तुम्हीच ठरवा. अंदाज कंजूष असावा, एवढंच सांगते.

अशी परीक्षा फार जुनी आहे बरं का. सुमारे ५०० वर्षांपूर्वी इटलीतल्या लिओनार्दो दा विंची यांनी आपल्या वहीत एक युक्ती काढून ठेवली आहे. तारेला टोपली टांगायची आणि वरच्या पेटीच्या भोकातून त्यात वाळू पडू द्यायची. तार तुटली की भोक आपोआप बंद व्हावं, अशी स्प्रिंगसुद्धा त्यांनी दाखवली आहे. मग टोपलीतली वाळू तोलायची. तांब्याने पाणी ओतणारा आपला मित्र त्यांच्याच वाटेवर आहे!

या आठवड्याचं कोडं

आपल्या मित्राला तरी मिश्र दोरच करायचा आहे (कपडे वाळत घालायला). नायलॉन १०० सें.मी. घेतलं आहे. ते १५ सें.मी. लांबून तुटतं. सुतळी आपल्या लांबीच्या शंभरात तीन एवढी लांबून तुटते. दोन्ही धागे एकाच क्षणी तुटावेत, म्हणजे दोघांचीही पूर्ण ताकद कामी यावी, अशी इच्छा आहे. तर १०० सें.मी. नायलॉनबरोबर सुतळी किती सें.मी. घ्यावी? दोघांची टोकं एकत्र बांधायची आहेत, हे लक्षात ठेवा. रीत लिहून पाठवा. नुसतं उत्तर चालणार नाही.

पालकांसाठी दोन शब्द

झोका बांधण्याआधी दोर पूर्ण लांबीभर हाताखालून घाला. धागे निघालेले, रंग उडून कडक झालेले किंवा जोड दिलेला भाग दिसला तर तो दोर वापरू नका. दोन निराळ्या दोऱ्या एकत्र वळून ‘आता पक्का झाला’ असं समजू नका. दोर फांदीला जिथे टेकतो तिथे गोणपाट गुंडाळा, म्हणजे तो घासणार नाही. मुलांच्या आधी मोठ्या माणसाने झोक्यावर बसून दोराची, गाठीची आणि फांदीचीही परीक्षा घ्यावी. मुलांना मोजू द्या, ओतू द्या, तोडू द्या. मात्र बादली टांगलेली असताना तिच्याखाली पाय आणि दोरीजवळ डोळे नकोत. तुटलेली दोरी चाबकासारखी उडते.

बरं तर मुलांनो, भेटू पुढच्या आठवड्यात. कोड्याची उत्तरं पाठवायला विसरू नका. आणि झोका खूप उंच जाऊ द्या, दोर मात्र आधी तपासा!

तुमच्या,
बाई